स्वस्त गोळी लागू पडत नाही, असं तुमच्याही घरी म्हणतात का?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय, थोडा लांबेल.

आईला (वय 71) बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 चालू आहे. डॉक्टरांना विचारूनच आम्ही ती जनऔषधी केंद्रातून (सरकारी योजनेतलं दुकान, तिथे जेनेरिक, म्हणजे ब्रँडशिवाय मूळ नावाने विकलेली औषधं मिळतात) आणायला लागलो. दहा गोळ्यांची पट्टी बारा-तेरा रुपयांना मिळते, आधीची ब्रँडची याच्या पाच-सहा पट पडायची. आईने पहिल्याच दिवशी पट्टी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "एवढ्या पैशात हल्ली कोथिंबिरीची जुडी येत नाही, यात औषध काय घातलं असेल गं?" तेव्हापासून रोज काहीतरी चालू आहे. ही घेतली की डोकं जड होतं, ही उशिरा लागू पडते, ही घशात कडू लागते. घरी बीपीचं मशीन आहे, वहीत आकडे लिहिते मी, ते आधीसारखेच आहेत. वही दाखवली तर म्हणते मशीनला काय कळतंय.

आता माझी आई भोळी नाही हो. मंडईत मेथीच्या जुडीवरून दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय हलत नाही, साडीच्या दुकानात मालकाला घाम फोडते. तीच बाई मेडिकलमध्ये मात्र एमआरपी बघून समाधानाने पैसे मोजते, आणि जास्त पैसे गेले की तिला औषध चांगलं मिळाल्यासारखं वाटतं. हे फक्त आमच्या घरी की सगळीकडे? आणि तुम्ही घरच्यांना कसं समजावलंत?

नाना_कट्टेकर

सगळीकडे. आमच्या गावात एक डॉक्टर होते, शेवटपर्यंत पन्नास रुपये फी घेतली, निदान एकदम पक्कं. पण लोक काय म्हणायचे, ताप-खोकल्याला ठीक आहेत, मोठं काही असलं तर तालुक्याला जाऊ. तालुक्याचा डॉक्टर आठशे घ्यायचा, तोही तपासून तेच सांगायचा, पण आठशे देऊन बाहेर पडलेला माणूस पथ्य पाळायचा. पन्नासवाल्यांचं पथ्य कुणी पाळलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं अजून.

औषधवाला_कोल्हापूर

ताई, माझं स्वतःचं मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

आपल्याकडे साधारण तीन प्रकारचा माल असतो. एक, मोठ्या कंपनीचा ब्रँड, ज्याचे एमआर, म्हणजे कंपनीचे विक्री प्रतिनिधी, डॉक्टरांकडे फिरतात. दोन, ट्रेड जेनेरिक, म्हणजे बऱ्याचदा त्याच मोठ्या कंपन्यांचा माल, वेगळ्या नावाने, एमआर वगैरे न लावता थेट आम्हाला विकलेला. तीन, जनऔषधी, ज्यावर फक्त औषधाचं नाव असतं. आता गंमत दोन नंबरात आहे. त्या पट्टीवर एमआरपी ब्रँडच्या जवळपासच छापलेली असते, पण आम्हाला ती त्याच्या अगदी थोड्या भागात पडते. मग दुकानदार वीस टक्के, तीस टक्के सूट देतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, तरी दुकानदाराला ब्रँडपेक्षा कितीतरी जास्त सुटतात.

मला कुणीतरी विचारलं होतं, एवढीच कमी किंमत असेल तर कंपनी छापील किंमतच कमी का करत नाही. अहो कमी छापली तर विकली जात नाही! मी करून बघितलंय. तीच गोळी, मी म्हणालो पंधरा रुपये द्या, बाई म्हणाली "हलकी नको, चांगली द्या, लहान पोराला द्यायचीय". दुसऱ्या एकाला म्हणालो नव्वदची आहे, तुम्हाला साठला देतो, तो आनंदाने घेऊन गेला. त्याला साठ रुपयांची नाही, नव्वदची गोळी मिळाली होती ना. छापील किंमत तिथे भाव सांगायला नसतेच, विश्वास बसवायला असते. आणि हे बेकायदेशीर पण नाही, एमआरपीच्या वर विकायचं नाही एवढाच नियम आहे.

आवश्यक औषधांची एक सरकारी यादी आहे, तिच्यातल्या औषधांना सरकारने कमाल किंमत बांधून दिलीय, 2013 च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे. ती कशी काढतात, तर ज्या ब्रँडांचा बाजारात एक टक्का तरी हिस्सा आहे त्यांच्या किमतींची सरासरी, वर किरकोळ दुकानदाराचे सोळा टक्के. म्हणजे गोळी बनवायला खर्च किती आला हे त्यात कुठेच मोजत नाहीत, बाजारात काय भाव चाललाय तेच मोजतात. त्यामुळे जास्त किमतीत जास्त औषध असतं असं समजू नका. जास्त किमतीत एमआर असतो, जाहिरात असते, डॉक्टरांच्या परिषदा असतात.

विदर्भकन्या

सगळं मान्य, पण आईंची भीती अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढतात, ती वाचून बघा एकदा. औषध कमी प्रमाणात, गोळी पोटात विरघळतच नाही, असले प्रकार असतात त्यात. ज्या देशात ही यादी दर महिन्याला निघते तिथे म्हाताऱ्या माणसाने बारा रुपयांच्या पट्टीकडे संशयाने बघितलं तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. सामान्य माणसाकडे तपासायचं दुसरं साधन काय आहे? किंमत सोडून?

औषधवाला_कोल्हापूर

@विदर्भकन्या ताई, बरोबर बोललात, फक्त त्या यादीत नावाजलेले महागडे ब्रँडही येतात. म्हणजे संशय घ्यायचा तर सगळ्यांवर घ्या, एकट्या स्वस्तावर का? जनऔषधीत प्रत्येक बॅच एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून तपासून मगच दुकानात येते, ही त्यांची पद्धतच आहे. ब्रँडची कंपनी आपल्या लॅबमध्ये तपासते, सरकारी इन्स्पेक्टर मधूनमधून नमुने उचलतो.

आणि ताई, पट्टीच्या मागे 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' वाचा. बद्दी, सोलन, सिक्कीम, हरिद्वार असलं काहीतरी असेल. त्याच्याखाली 'मार्केटेड बाय' म्हणून दुसरंच नाव असेल. एकाच कारखान्यात चार कंपन्यांच्या गोळ्या बनतात, पट्टी फक्त वेगळी.

निनाद_पुणे

इंटरेस्टिंग धागा. यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 2008 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. 82 निरोगी लोकांना मनगटावर विजेचे हलके झटके दिले, मग एक 'नवीन वेदनाशामक' गोळी दिली आणि परत झटके दिले. अर्ध्यांना माहितीपत्रकात लिहून दिलं की गोळीची किंमत अडीच डॉलर, अर्ध्यांना लिहिलं की किंमत कमी करून दहा सेंट केलीय. गोळी दोघांनाही नुसती साखरेच्या गोळीसारखी, आत औषध शून्य. अडीच डॉलरवाल्यांपैकी 85 टक्के म्हणाले दुखणं कमी झालं, दहा सेंटवाल्यांपैकी 61 टक्के.

म्हणजे काकूंचं डोकं जड होतं ते त्या उगाच म्हणत नाहीयेत, त्यांना खरंच तसं होत असणार. किमतीने अनुभवच बदलतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण घरात लगेच "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणून मोकळे होतो आणि समोरचा माणूस दुखावतो.

त्याच वर्षी वाइनवर पण असाच प्रयोग झाला होता, तीच वाइन एकदा 10 डॉलरची सांगून आणि एकदा 90 डॉलरची सांगून पाजली, मेंदूचा स्कॅन चालू ठेवून. नव्वदची सांगितली की मेंदूत आनंदाशी जोडलेला भाग खरोखर जास्त चालत होता.

आकाशकंदील

टाटा नॅनो आठवली. 2008 च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली, लाखाची गाडी म्हणून अख्ख्या देशात चर्चा. इंजिनीअरिंग म्हणून ती कौतुकाचीच होती, मी चालवलीय, आत जागा भरपूर. पण 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्का बसला आणि ज्यांच्यासाठी केली त्यांनीच घेतली नाही, स्कूटरवरून गाडीवर येणाऱ्या माणसाला सोसायटीत सगळ्यात स्वस्त गाडी लावायची नसते. स्वस्त म्हणून विकली ही चूक झाली असं रतन टाटा नंतर स्वतःच म्हणाले होते. 2018 ला बनणं जवळपास बंद.

पैठणी_येवला

मी उलटी बाजू सांगते. आमच्या सासरी हातमाग आहे, घरात पैठणी विणतात. हातमागाची साडी म्हटली की साध्या बुट्टीची असली तरी कितीतरी दिवस जातात, भरजरी पदराची असेल तर महिने. पदरावरचा प्रत्येक मोर, प्रत्येक मुनिया वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी हाताने भरायची, एक एक धागा मोजून. आता बाजारात सेमी पैठणी येते, यंत्रमागावरची, दोन-तीन हजारात. दिसायला लांबून तशीच. मग गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन म्हणतं, "तिकडे अडीच हजाराला आहे, तुम्ही बारा हजार कसले सांगता?"

मी काही बोलत नाही, पदर उलटा करून हातात देते. हातमागाची पैठणी मागून पण पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मोर मागून पण मोरच. यंत्रावरच्याला मागे धागे आडवे सुटलेले असतात, नाहीतर कापलेले असतात, बोट घातलं तर अडकतं. एकदा बोट अडकलं की बाई परत भावाची तुलना करत नाही. घेईल किंवा नाही घेणार, पण अडीच हजाराचं नाव काढत नाही.

मृण्मयीताई, तुमच्या आईंचं मला यातच उत्तर दिसतंय. मेथी त्यांना कळते, देठ मोडून बघतात. साडी कळते, पोत हाताला लागतो. म्हणून तिथे त्या भाव करतात. गोळीचा पदर उलटा करून बघता येत नाही ना. जिथे डोळ्याला आणि हाताला काही कळत नाही तिथे माणूस किमतीला विचारतो.

मृण्मयी_ठाणे

@पैठणी_येवला, गोळीचा पदर! हे वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही पट्ट्या घेऊन आले. खरंच काय बघणार आई त्यात? दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल.

देवगडकर

येवल्याच्या ताईंना +1, पण जिथे कळतं तिथेही माणूस फसतो बरं का. आंब्याचं बघा. मार्चमध्ये पेटी निघते तेव्हा भाव आभाळाला असतात, लोक भेट म्हणून देतात, फोटो काढतात. खरा भरलेला, झाडावर नीट तयार झालेला हापूस एप्रिलच्या शेवटाला आणि मेमध्ये जास्त मिळतो. भाव तोपर्यंत उतरलेला असतो, आणि शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं "आता काय राहिलं, स्वस्त झाला म्हणजे मजा गेली". त्याच आठवड्यात आम्ही घरी जे फळ खातो ते मार्चमध्ये तुम्हाला दुप्पट पैसे देऊनही मिळत नाही. आणि कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून हापूसच्याच भावात विकला की लोक नाक न लावता घेतात. 2018 साली कोकणातल्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी पेटीवरचं नाव वाचणारे थोडे, भाव विचारणारे सगळे. वास घ्या हो आधी. बंद खोलीत पेटी ठेवली तर दारातून कळला पाहिजे.

डॉ_वाईकर

मी फिजिशियन आहे, थोडं सविस्तर लिहितो कारण धाग्यात औषध बदलण्याबद्दल बरंच आलंय.

पहिलं म्हणजे मृण्मयी, आईंच्या बीपीची वही चालू ठेवा, ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे. निनादने सांगितलेला प्रयोग वेदनेचा आहे, वेदना माणसाने सांगायची असते. बीपी मशीन मोजतं, त्यावर किमतीचा असा थेट परिणाम मला पेशंटमध्ये दिसलेला नाही. पण एक आडवाटेने होणारा परिणाम रोज दिसतो. गोळीवर विश्वास नसला की पेशंट ती चुकवतो. आज नाही घेतली तरी काय बिघडतंय, असलीच तर आहे बारा रुपयांची. अशा चुकलेल्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मग सगळे म्हणतात बघा, स्वस्त औषध चाललं नाही. नानांनी पथ्याचं लिहिलंय ते अगदी हेच.

दुसरं. 2017 पासून पोटात नीट न विरघळणाऱ्या गटांतल्या औषधांना परवाना देताना मूळ औषधाइतकंच ते रक्तात उतरतं का, याची चाचणी मागतात. टेल्मिसार्टन त्याच गटात बसतं. त्याआधी परवाना मिळालेला बराच माल बाजारात आहे, हेही खरं.

तिसरं, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. काही औषधांत डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिटची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन. ही औषधं ब्रँडवरून जेनेरिकवर काय किंवा जेनेरिकवरून ब्रँडवर काय, मनाने बदलू नका. थायरॉइडची गोळी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, परत करून घ्यावी लागते. यात महाग-स्वस्ताचा प्रश्न नाही, एकावर स्थिर राहण्याचा आहे.

आमच्या बाजूचंही सांगतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं असा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी विरोध केला, मला स्वतःला वाटतं की नियमाआधी दर्जाची खात्री द्यायला हवी होती. पण माझ्याकडे येणारी शेतमजूर बाई मधुमेहाच्या गोळ्या महिन्यातून दहाच दिवस घेते कारण पैसे पुरत नाहीत, तेव्हा मी ब्रँडचं नाव लिहून तिचं काय भलं करतो? मी चिठ्ठीवर मूळ नाव लिहितो आणि तिला समोर बसवून सांगतो, हीच गोळी मी माझ्या वडिलांना देतो. खरंच देतो.

विदर्भकन्या

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य चिठ्ठीवर छापून घ्या. सगळ्या पुराव्यांपेक्षा ते जास्त लागू पडेल.

जर्सीची_मावशी

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे दहातल्या नऊ प्रिस्क्रिप्शनला जेनेरिकच मिळतं. फार्मसीतली बाई न विचारता जेनेरिक देते, ब्रँड हवा असेल तर डॉक्टरने मुद्दाम तसं लिहावं लागतं. केशरी रंगाची प्लॅस्टिकची डबी, पांढरं झाकण, वर माझं नाव, औषधाचं नाव, आणि गोळी कशी दिसते तेही लिहिलेलं, पांढरी, लांबट, अमुक अक्षरं कोरलेली. ब्रँडचं नाव कुठेच नाही.

माझ्या सासूबाई आल्या होत्या, व्हिसा वाढवला आणि नेलेल्या गोळ्या संपल्या, तर इथून घेतल्या. एकदम खूश. "अमेरिकेची गोळी, काय फरक पडला बघ." मी बाटलीवर बारीक अक्षरात बनवणारी कंपनी बघितली तर हैदराबादची! तिकडे त्याच औषधाचं जेनेरिक त्यांनी "सरकारी दुकानातलं" म्हणून बाजूला ठेवलं होतं. मी त्यांना कंपनी दाखवली नाही, औषध नियमित घेत होत्या तेवढं पुरे होतं.

नाना_कट्टेकर

मावशी, दाखवायला हवी होती असं माझं मत. परत आल्यावर त्या पुन्हा महागडीच घेणार ना? दर महिन्याचे पैसे आहेत ते.

जर्सीची_मावशी

नाना, मुद्दा बरोबर आहे. पुढच्या वेळी फोनवर सांगेन, डॉक्टरांचा प्रतिसाद पण वाचून दाखवेन.

मृण्मयी_ठाणे

किती छान प्रतिसाद दिलेत सगळ्यांनी. डॉक्टर, विशेष आभार.

काल संध्याकाळी आईबरोबर बसून पट्टीची मागची बाजू वाचली. तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा केला. बॅच नंबर, तारीख, कारखान्याचा पत्ता, सगळं तिने बोट ठेवून वाचलं. मग जुन्या ब्रँडची रिकामी पट्टी शोधून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. त्यावरही औषधाचं नाव ठळक मोठ्या अक्षरात आणि ब्रँडचं त्याखाली होतं, इतकी वर्षं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आई म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस हेच खात होते?" मी म्हटलं हेच. मग विचारते, "मग वरचे पैसे कुणाला गेले?" आणि यावर ती खरी चिडली. मेथीवाल्याला दोन रुपयांसाठी अडवणारी बाई आहे, महिन्याला शंभराच्या वर जास्त दिले हे तिला सहन होईना.

औषधवाले दादा, तिचा एक प्रश्न आहे. बॅच तपासलेली असते हे ठीक, पण तिला घरबसल्या बघण्यासारखं काही आहे का?

औषधवाला_कोल्हापूर

आहे की. काकूंना सांगा, औषधाच्या नावापुढे 'आयपी' ही दोन अक्षरं आहेत का बघायचं. भारतीय औषधकोशात त्या औषधाचं प्रमाण, शुद्धता, किती वेळात विरघळलं पाहिजे हे सगळं लिहून ठेवलंय, आणि आयपी छापलं की त्या कसोटीला ती गोळी कायद्याने बांधील होते, बारा रुपयांची असो की शंभरची. मग उत्पादन परवाना क्रमांक आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता. खपाच्या मोठ्या तीनशे ब्रँडांवर 2023 च्या ऑगस्टपासून क्यूआर कोड पण सक्तीचा केलाय, स्कॅन केला की बॅच आणि मुदत दिसली पाहिजे. गोळी फुटलेली, डागाळलेली, पट्टीत ओल आलेली असेल तर दुकानात परत करा, आणि बिल घेतल्याशिवाय कुठलंच औषध घेऊ नका. बिलावर बॅच नंबर असतो, उद्या काही बिघडलं तर तक्रार त्यावरच उभी राहते.

आणि वरचे पैसे कुणाला गेले ते काकूंना सविस्तर सांगायचं असेल तर त्यांना घेऊन या एकदा कोल्हापूरला, दुकानात बसवून खरेदीची बिलं दाखवतो.

पैठणी_येवला

जाताना येवल्यावरून जा, वाट वाकडी होईल पण आईंना पदर उलटून दाखवते.